आबाले सांग

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. चारचौघांत मी पण घेत नाही, 'वैभवचे आबा' म्हणते. पण मनातल्या मनात भांडायचं असलं तर 'वैभवचे आबा, तुम्ही असं, तुम्ही तसं' करत बसून भांडणाला काही जोर येत नाही. तिथं तो सरळ भटू असतो. हे सगळं मी मनात बोलते तसंच सांगणार आहे, म्हणून भटू.

भटू कतारगामला कापडाच्या लूमवर आहे. खातं म्हणतात आमच्याकडं, लूमच्या कारखान्याला. त्याची रातपाळी. त्याच गल्लीत मागच्या खात्यात धाग्याला पीळ देणारी मशीनं आहेत, तिथं मी दिवसपाळीला. राहायला कोसाडच्या सरकारी आवासात, तिसऱ्या मजल्यावर. सकाळी तो घरात शिरतो आणि मी निघते, संध्याकाळी मी शिरते आणि तो निघतो. पोरगं एकाच्या कडेवरून दुसऱ्याच्या कडेवर. संसार म्हणजे दारातली भेट, असं माझी माय म्हणते, आणि माझी माय काही चुकीचं बोलत नाही.

लूमवर राहून राहून भटूचे कान गेलेत. पार बहिरा नाही, पण बारीक आवाज त्याला येतच नाही. शिट्टी येत नाही, कुकरची पण नाही, मोबाईलची रिंग नाही. खात्यातून घरी आला की पहिला तासभर तर नगारा वाजवला तरी उपयोग नाही. खात्यातली सगळीच माणसं तशी, एकमेकांच्या तोंडाकडं बघून ऐकतात. ओठ हलले की भटूला समजतं, मग समोरचा हिंदी बोलो, गुजराती बोलो की ओरिसाचा भाई आपली भाषा बोलो. एकट्या वैभवचं काही समजत नाही. दोन वर्षांच्या पोराचे बोबडे ओठ, ते अजून कुठल्याच भाषेचे झालेले नाहीत. 'काय म्हनस तो?' असं मला विचारायचा आणि मी सांगायचे. मला त्याचंही कधी कधी अवजड व्हायचं. सगळ्या घराचे कान मीच व्हायचं म्हणजे काय.

तर त्या आठवड्यात आमचा अबोला चालला होता. मी म्हटलं, वैभवला पावसाळ्यापर्यंत शिंदखेड्याला माझ्या मायकडं ठेवू, इथं दिवसा तू झोपतोस आणि पोरगं जिन्यावर एकटं उतरतं. तो म्हणाला, मग तू पण तिकडंच राहा. एवढंच. पण ह्या एवढ्याशा वाक्यानं माझ्या डोक्यात असं काही गेलं की मी म्हटलं, आता ह्या माणसाशी एक अक्षर नाही. तो पण काही कमी नाही. नाकावर राग घेऊनच जन्मला आहे.

अबोला धरला तरी डबा, पाणी, दूध, गॅस ह्यांचं बोलावंच लागतं. ते आम्ही वैभवमार्फत बोलायचो, भटू चोरून माझे ओठ बघून घ्यायचा. घराघरात असंच चालतं. 'वैभव, आबाले सांग, डबा भरेल शे.' 'वैभव, मायले सांग, गॅस संपना.' पोराला तो खेळच वाटायचा. मी बोलले की तो मान वळवून बापाकडं बघायचा आणि पोपटासारखं म्हणायचा, 'आबाले सांग, दबा भले शे.' आम्हाला दोघांनाही हसू यायचं आणि दोघंही ते गिळायचो.

आणि मग पोरगंच तापलं.

मी संध्याकाळी आले तर अंग भट्टीसारखं. भटू डबा घेऊन निघालेलाच होता, वैभव तेवढा माझ्या अंगावर टाकून गेला. हात लावून बघणाऱ्यांवर माझा भरवसा नाही, म्हणून खाली मेडिकलमधून थर्मामीटर आणलं, ते आकड्यांचं, टीं टीं करणारं. काखेत धरलं. वाजलं तेव्हा एकशे तीन. रात्र मी ओल्या फडक्यानं पुसण्यात घालवली, आणि सकाळी कामावर उशिरा जाईन असा निरोप धाडून त्याला अमरोलीच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरनं नीट समजावलं, माझ्याकडं बघून, एकेक गोष्ट. पातळ औषध दिलं. झाकणात खुणेपर्यंत भरायचं, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा, दोन वेळांत सहा तासांचं अंतर. ताप लवकर उतरला नाही म्हणून लगेच परत पाजायचं नाही. कोमट पाण्यानं अंग पुसायचं, चादरीत गुंडाळायचं नाही, पाणी, दूध, पेज देत राहायचं. मी सगळं डोक्यात बसवलं. घरी आले, भटू मोरीत आंघोळीला होता तेवढ्यात पहिलं झाकण पाजलं, आणि कामावर निघाले.

का निघाले, असं मला आता सगळे विचारतात. पोराला ताप आणि आई कामावर. अहो, पोराचा बाप घरात होता ना. परका होता का तो?

भटू खाटेवर बसून चहा पीत होता. त्याच्याकडं बघणं शक्यच नव्हतं, अबोला होता. मी त्याच्याकडं पाठ करून दारात चपला घालत होते. वैभव त्याच्याजवळ पडलेला, डोळे अर्धे मिटलेले. मी चपलेकडं बघतच म्हटलं, 'वैभव, आबाले सांग, औसद पाजी दिधं. आबाले सांग, दुपारलेच परत. मधमा नही.' आणि जिना उतरले. वर परत बघितलं नाही. अबोल्यात मागं वळून बघितलं तर आपण हरलो असं होतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आले तर अंगाला घाम, ताप उतरलेला. मला बरं वाटलं. मनात म्हटलं, चला, एवढं तरी नीट केलं. तो निघून गेला, मी रात्रीचं औषध पाजलं. रात्रीतून ताप चढला, पुसून काढला, पहाटे परत पाजलं. सकाळी तो आला तेव्हा मी परत पाठमोरीच. 'वैभव, आबाले सांग, औसद पाजी दिधं.' वैभवनं डोळे उघडून माझ्या पाठीकडं बघितलं असेल, मला काय दिसणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार उघडलं तर घरात ओकारीचा वास.

वैभव खाटेवर पालथा पडलेला. चादर ओली. भटू फडक्यानं फरशी पुसत होता. त्यानं मला बघितलं आणि भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाला, कारण तो नेहमी मोठ्यानंच बोलतो, 'वैभव, मायले सांग, ताप उतरी गया.'

मी पोराला उचललं. मान माझ्या हातावरून मागं पडली. अंग गार. ताप उतरल्यावर होतं तसं गार नाही, माठाला हात लावावा तसं ओलं गार. मी गाल थोपटले. डोळे उघडले, वरवर बघितलं आणि मिटले. मी हाक मारली, परत मारली. तळपाय चोळले. काहीच नाही.

आणि तेव्हा मला खिडकीत बाटली दिसली. माझी नाही. माझी बाटली ओट्यावर होती, अर्धी भरलेली. ही दुसरी होती, लाल, जवळजवळ रिकामी.

'हे काय?' मी त्याला विचारलं. थेट. अबोला तिथंच मेला, पण आता त्याचं कोणाला काय. तो फरशी पुसत होता, त्याला ऐकूच गेलं नाही. मी खाली बसले, त्याच्या हनुवटीला धरून तोंड माझ्याकडं फिरवलं, आणि लग्नापासून कधी केलं नव्हतं ते केलं. त्याच्या तोंडावर त्याचं नाव घेतलं. 'भटू. माझ्या तोंडाकडं बघ. ही बाटली कसली?'

तो घाबरला. नावानं घाबरला की माझ्या चेहऱ्यानं, कोण जाणे. म्हणाला, 'तापाचीच. तुझ्या औषधानं उतरत नव्हता. खाली मेडिकलला गेलो, म्हटलं जरा तेज द्या. त्यानं ही दिली.'

'मी पाजून जात होते. सांगत होते ना मी. दोन दिवस सांगत होते.'

'कोणाला?'

मी लाल बाटली त्याच्यासमोर धरली.

'किती वेळा पाजलंस?'

'कण्हला की पाजायचो,' भटू म्हणाला. 'सारखा कण्हत होता. ओठ हलायचे त्याचे, डोळे उघडून माझ्याकडं बघायचा आणि ओठ हलवायचा. मला वाटलं, दुखतंय पोराला. मग एक झाकण. झोपलोच नाही मी, खांद्यावर घेऊन फिरत होतो. तुझी पण पाजली, ही पण पाजली.'

'थर्मामीटर लावलं होतंस?'

'ते बिघडलंय. वाजतच नाही. धरून बसलो, धरून बसलो, वाजलंच नाही.'

ते बिघडलेलं नव्हतं. रोज रात्री माझ्या कानाशी वाजत होतं. त्या बारीक टीं टींला भटूच्या कानात जागाच नाही, हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक असणार. मी ते त्याच्या उशाशी ठेवून गेले होते, मोठ्या शहाणपणानं.

दोन्ही बाटल्या पिशवीत टाकल्या, पोराला टॉवेलमध्ये घेतलं आणि जिना उतरलो. रिक्षा मिळेना. एक थांबली, त्यात आधीच तिघं होते, त्यांनी पोराकडं बघितलं आणि उतरून गेले. देव त्यांचं भलं करो. रिक्षात मी वैभवच्या नाकाशी बोट धरून बसले होते. श्वास लागायचा तेव्हा मी पण श्वास घ्यायचे. भटू माझ्या तोंडाकडं बघत होता, मी काहीतरी म्हणेन म्हणून. मी म्हणत होते, पण देवाला. कानबाई माते, त्याला ठेव, मला ने. त्याला ठेव, भटूला ने. हे पण म्हटलं. खोटं कशाला सांगू. भटूनं ते ओठांवर वाचलं असणार, कारण त्यानं मान खाली घातली आणि मग सिव्हिल हॉस्पिटल येईपर्यंत वर केली नाही.

दवाखान्यात पोराला माझ्या हातातून घेतलं. सुई, नळी, बोटातून रक्त. कोणीतरी म्हणालं साखर फार उतरली आहे, आणि लगेच काहीतरी नळीतून सोडलं. डॉक्टर एक तरुण बाई होती, तोंडावर मास्क. तिनं दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या आणि विचारलं, 'दोनों में एक ही दवा है. और ये लालवाली दुगनी तेज है. कितना दिया, कितनी बार?'

ती भटूला विचारत होती, आणि भटू तिच्या मास्ककडं बघत होता. त्याला काहीच कळत नव्हतं. मग त्यानं माझ्याकडं बघितलं, रोज बघतो तसं, 'काय म्हनस ती?'

आता निरोप्या मी होते. तिचं ऐकायचं, त्याच्याकडं वळायचं, ओठ नीट हलवून विचारायचं, त्याचं ऐकायचं, परत तिला सांगायचं. काल किती झाकणं? आज किती? काठोकाठ की खुणेपर्यंत? झाकण कुठल्या बाटलीचं? तो काठोकाठ म्हणाला. मी ते तोंडातून बाहेर काढलं तेव्हा डॉक्टरीणबाईनं ते परत विचारून घेतलं. मला वाटलं, पुढचं कमी करून सांगावं. तोंडावर आलं होतं. नवरा-बायकोचं काय, आपलेच दात आपलेच ओठ, बाहेरच्यासमोर झाकायची सवयच असते आपल्याला. पण कमी सांगितलं तर औषध कमी पडेल, हेही कळत होतं. म्हणून सगळं सांगितलं. माझं पण सांगितलं, मी कधी कधी पाजलं ते. भटू माझे ओठ वाचत होता. माझ्या झाकणांचा हिशेब त्याला तेव्हा पहिल्यांदा कळला.

'आप दोनों आपस में बात नहीं करते क्या?' डॉक्टरीणबाई म्हणाली.

हे मी भटूला सांगितलं नाही.

तिनं समजावलं. ज्यानं ताप जातो तेच औषध जास्त झालं की लिव्हर जाळतं. त्याच्यावर उतारा आहे, तो नळीतून सुरू करतोय. वरून काही दिसणार नाही, रक्त तपासत राहावं लागेल. बच्चा होश में आए, बोले, पेशाब करे, तो अच्छा. मी विचारलं, वाचेल ना? ती म्हणाली, वेळेवर आणलं असेल तर. 'असेल तर' ह्या दोन शब्दांवर मी रात्र काढली. भटू खाटेच्या दुसऱ्या बाजूला जमिनीवर बसून होता. मला त्याचा गळा धरावासा वाटत होता आणि त्याच्याच छातीवर डोकं आपटून रडावंसं पण वाटत होतं. दोन्हीतलं काहीच केलं नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं वॉर्डात आली तेव्हा वैभवनं लघवी केली. चादर भिजली आणि मी ओल्या चादरीला हात लावून रडले. नर्स म्हणाली, चांगलं आहे. पण डोळे उघडत नव्हता. पहिल्या रक्ताचा रिपोर्ट आला, तो पाहिजे तसा नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाली, आणखी एक बघू, मग बोलू. मास्कवरचे तिचे डोळे वाचायचा मी प्रयत्न केला. मला भटूची विद्या येत नाही.

दुपारी वैभवचे ओठ हलले.

भटू उशाशीच होता, त्याला आधी दिसलं. तो एकदम उठला. पोराच्या ओठांकडं डोळे फाडून बघत राहिला, मग माझा दंड धरला. 'बघ, परत कण्हतोय. असाच कण्हत होता तो घरी. अगदी असाच. दुखतंय त्याला, नर्सला बोलव.'

मी कान पोराच्या तोंडाशी नेला.

तो कण्हत नव्हता. बोलत होता. घसा बसलेला, आवाज नुसता वाऱ्याइतका, पण शब्द सगळे होते. 'आबाले सांग. औसद पाजी दिधं.' थांबला, ओठ चाटले, परत म्हणाला, 'आबाले सांग. औसद पाजी दिधं.'

मी तशीच वाकून राहिले. मला वर बघवेना. दोन दिवस पोरगं हेच सांगत होतं. तापात पडल्या पडल्या डोळे उघडून बापाकडं बघायचं आणि मी दिलेला निरोप पोचवायचं. आणि प्रत्येक वेळी त्याला एक झाकण मिळायचं. काठोकाठ.

'काय म्हनस तो?' भटूनं विचारलं.

मी तोंड वर केलं. त्याच्याकडं बघून, ओठ नीट हलवून म्हटलं, 'पानी मांगस.'

तो वाटी आणायला वळला. वळला आणि थांबला. परत माझ्या तोंडाकडं बघितलं. इतकी वर्षं माणसांची तोंडं वाचून वाचून पोट भरलेला माणूस. त्याच्यापासून काय लपणार होतं.

'पानी नही मांगत तो,' भटू म्हणाला. 'काय म्हनस?'

मला वाटलं, नाही सांगितलं तर हा माणूस आयुष्यभर माझ्या ओठांकडं बघत राहील. सांगितलं तर परत कधी बघणार नाही. पण आमच्या घरात न सांगण्यानं काय झालं ते समोर खाटेवर पडलं होतं. मी सांगितलं. शब्दाला शब्द, पोरगं म्हणत होतं तसं. मग तो कधीपासून म्हणतोय, ते पण सांगितलं. आणि मी कुणीकडं तोंड करून म्हटलं होतं, ते पण.

भटू पोरावर वाकला. त्याचा हात नळीवर पडेल म्हणून मी धरला, तर तो हात थंडगार होता. मग तो गुडघ्यांवर बसला, वैभवच्या कानाशी तोंड नेलं, आणि त्याला हळू बोलताच येत नाही, तो खात्यात बोलतो तसा बोलला. 'ऐकू उनं, भाऊ. माले ऐकू उनं.'

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. नर्स तोंडावर बोट ठेवून आमच्याकडं यायला लागली. भटूला काही दिसत नव्हतं, ऐकू आलं एवढंच तो पोराला सांगत होता, 'ऐकू उनं, ऐकू उनं.'

वैभवचे ओठ थांबले. त्यानं डोळे उघडून बापाकडं बघितलं, आणि मग तो निरोप परत म्हटला नाही.